डाव्या गालावर काळा तीळ

काशप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, खिडकीच्या गजांशी तोंड आणलं आणि मला विचारलं, “तीळ कुठाय गं?” मला वाटलं माझ्या मागं कुणी उभं आहे आणि त्याला विचारायलेत. मी वळून बघितलं. मागं फक्त शाळेचं रिकामं मैदान होतं, तांबडी माती आणि थ्रोबॉलच्या जाळीचे नुसते खांब. “तुलाच विचारायलो,” काशप्पा म्हणाले. “नेत्रावती गुरुबसव. डाव्या गालावर काळा तीळ. असं लिहिलंय हितं. तर कुठाय?” काशप्पा म्हणजे आमच्या शाळेचे क्लार्क. त्यांच्यासमोर दाखल्याचं जुनं जाडजूड रजिस्टर उघडं होतं आणि शेजारी माझी टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचं सर्टिफिकेट, अर्धी लिहिलेली. नाव झालं होतं, जन्मतारीख झाली होती, अव्वाचं, म्हणजे आईचं नाव झालं होतं, आणि पेन ओळखीच्या खुणेच्या रकान्यावर येऊन थांबलं होतं. माझा हात आपोआप गालावर गेला. गाल गुळगुळीत होता, घामानं थोडा ओला. तेवढ्यात डोक्यावरून हवाई दलाचं शिकाऊ विमान गेलं, आणि बीदरच्या माणसांना जी सवय असते तसे आम्ही दोघं तोंड मिटून ते जाईपर्यंत थांबलो. त्या थांबण्यात मला सगळं आठवलं. तो तीळ नव्हता. ते काजळ होतं.

मला हसू आलं. खरं तर तेव्हा हसायला नको होतं, पण माझं आता असंच होतं, आधी हसू येतं आणि मग भीती. लहानपणी उलटं होतं. लहानपणी माझ्या गालावर राजूबाई आत्या रोज सकाळी तीट लावायची. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथी घातलेली पितळी ताटली, ताटलीवर धरलेली काजळी, त्यात तुपाचा थेंब, असं तिचं काजळ. करंगळीनं डाव्या गालावर एक गोल ठिपका टेकवायचा आणि तोच हात माझ्या तोंडावरून उतरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडायची. करंगळी गार असायची आणि तिला तुपाचा वास असायचा. माझा पहिलीत दाखला झाला तेव्हा अव्वा बाळंतपणाला संतपूरला तिच्या माहेरी होती, अप्पा बीदरबाहेरच्या कोळारच्या गोदामात कामावर होते, म्हणून आत्याच माझं बोट धरून शाळेत घेऊन आली होती. मला त्या दिवसाचं काय आठवतं, तर टेबलाची कड. ती माझ्या कपाळाइतकी उंच होती. टेबलापलीकडून एक मास्तर वाकले, माझ्याकडं बघितलं, आणि परत वर गेले. बस एवढंच. त्या वाकण्यात त्यांनी मला रजिस्टरात घातलं, डाव्या गालावरच्या काजळासकट.

“काजळ होतं ते,” मी म्हणाले. “तीट. पुसली की.” काशप्पांनी डोळे मिटले. “अगं माय,” ते म्हणाले. आमच्या शाळेच्या टीसीवर खुणेचा हा रकाना हैदराबादच्या निजामाच्या काळापासून चालत आलाय. दुसऱ्या शाळांनी कधीच काढून टाकला, आमच्या शाळेनं तो तसाच ठेवला, कारण जुन्या नमुन्यावरूनच नवीन छापून घ्यायची सवय. इतकी वर्षं त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. पण गेल्या साली एका नावाच्या दोन लांबच्या चुलत बहिणी, बापांची नावंही एकाच पणजोबावरून ठेवलेली, आणि एकीची टीसी दुसरीचा काका घेऊन गेला, ती भलत्याच कॉलेजात लागून गेली. त्या भानगडीत आधीच्या हेडमास्तरांना नोटीस आली. आता जूनच्या तोंडावर बदलून आलेल्या नागेंद्र सरांनी पहिला हुकूम काढला तो हा, की पोरीची खूण स्वतः बघितल्याबगर टीसीवर सही न्हाई. “माझं आधार कार्ड हाय की,” मी म्हणाले. “आधार तुझंच हाय, कोण न्हाई म्हणतंय,” काशप्पा म्हणाले. “पण रजिस्टरातली पोरगी तूच व्हय हे आधारात कुठं लिहिलंय? सर असं विचारतात.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “असं कर. उद्या-परवा काजळाचा ठिपका लावून ये. छान गोल. मी काय बोट लावून बघणार हाय व्हय? सर बी लांबूनच बघतेत.”

शनिवारी संध्याकाळी कलबुर्गीच्या कॉलेजचं ऑफिस बंद व्हायच्या आत मूळ टीसी त्यांच्या टेबलावर ठेवायची होती, न्हाईतर माझी सायन्सची सीट यादीतल्या पुढच्या पोरीला. इतकं साधं होतं. हॉस्टेलात मला खिडकीजवळची कॉट मिळाली होती, मी ती बघून आले होते, गादीवर बसून बघितलं होतं, खिडकीतून एक कडुनिंब दिसतो आणि त्याच्या मागं बस आगाराची भिंत. दहावीत सायन्सला मला किती पडले ते विचारू नका, मी सांगत सुटेन. आमच्या घरात कुणी सायन्स घेतलं नव्हतं. आमच्या घरात कुणी हॉस्टेलात राहिलं नव्हतं. आणि आता त्या कॉटच्या आणि माझ्यामध्ये एक ठिपका होता, बाजरीच्या दाण्याएवढा. घरी जाताना बसमध्ये कंडक्टरनं माझं आधार कार्ड बघितलं. बायकांना बस फुकट आहे म्हणून तो रोज शंभर बायकांची कार्डं बघतो. कार्ड बघतो, तोंड बघत न्हाई. मी मुद्दाम विचारलं, “अण्णा, ही मीच कशावरून?” तो म्हणाला, “कोण फुकटात दुसऱ्याची होतंय, ताई. बस जा मागं.” मी मागं जाऊन बसले. काचेत माझा गाल दिसत होता, त्याच्यातून किल्ल्याकडची झाडं पळत होती. काहीच नाही गालावर. बोट फिरवलं तर ते कुठंच अडकत नाही.

मला एक गोष्ट तेव्हा कळली आणि ती कळल्यावर मी एक स्टॉप पुढं गेले. तीट कशासाठी लावतात? कुणी बघू नये म्हणून. बघणाऱ्याची नजर त्या ठिपक्यावर पडावी आणि तिथंच थांबावी, लेकराच्या तोंडापर्यंत जाऊ नये. म्हणजे शाळेनं मला कशावरून ओळखायचं ठरवलं, तर जे मला दिसू देत न्हाई त्याच्यावरून. आणि ते चाललं. चांगली आठ वर्षं चाललं. आत्या कमठाण्याला परत गेल्यावरसुद्धा मी स्वतः लावत राहिले, आंघोळ झाली की हात आपोआप डबीकडं. वर्गात मी भिंतीकडच्या बाजूला बसायची, डावा हात गालावर, मान वहीत. हजेरीला “प्रेझेंट” म्हणायची तेसुद्धा इतकं हळू की दोनदा गैरहजेरी लागली. मला कुणी वाईट वागवत होतं असं न्हाई. मला कुणी वागवतच नव्हतं. मी त्या ठिपक्याच्या मागं बसून सगळं बघायची, पडद्यामागून बघितल्यासारखं, आणि मला ते आवडायचं सुद्धा. मग नववीत थ्रोबॉलच्या मॅचला एक पोरगी आजारी पडली म्हणून मला उभी केली. ऊन, घाम, आणि मी सवयीनं हातानं गाल पुसला. काजळ कानापर्यंत ओढलं गेलं. समोरच्या शाळेच्या पोरी हसल्या, एक म्हणाली, “हिला मिशी फुटली बघ गं, तीबी गालावर.” आमच्याही हसल्या. मी ओढणीनं गाल घासून घासून लाल केला, आणि पुढचा बॉल आला तो मी “माझा” म्हणून ओरडून घेतला. माझा आवाज मला अनोळखी वाटला. एवढा मोठा आवाज माझ्यात कुठं ठेवला होता? त्या दिवसानंतर मी काजळाच्या डबीला हात लावला न्हाई, आणि दहावीत तर रोज सकाळी प्रार्थनेनंतर स्टेजवर उभी राहून माईकवर बातम्या मीच वाचत होते, मराठीत आणि मग कन्नडमध्ये, मधे विमान आलं तर थांबून.

घरी अप्पांना सांगितलं तर त्यांचा चेहरा हलका झाला. त्यांना वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. “एक ठिपका लावायचा हाय, गावाला आग लावायची न्हाई,” ते म्हणाले आणि लगेच कमठाण्याला फोन लावला. “राजक्का, काजळ घेऊन ये. न्हाई, पोरगी बरी हाय. तिचा तीळ हरवलाय.” फोनमधून आत्याचं हसणं मला उंबऱ्यापर्यंत ऐकू आलं. भाकरी थापता थापता अव्वानं माझ्याकडं दोनदा बघितलं. मी म्हणाले, “मी काजळ लावणार न्हाई.” अप्पा म्हणाले, “कामून?” कामून? चांगला प्रश्न होता. एक मिनिट उभं राहायचं, टीसी घ्यायची, नळावर तोंड धुवायचं. माझी मैत्रीण विनीता, तिचे वडील तहसीलमध्ये आहेत, तिनं तर फोनवर सांगितलं की काजळ कशाला, भुवईची पेन्सिल घे, खरा वाटेल, फुगीर बी करता येतो. मी बोलायला तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते असं: “त्या टीसीवर माझी खूण म्हणून जे लिहितील ते मी नसेन.” अप्पा म्हणाले, “टीसीवर तुझं नाव हाय, मार्क हायत, बापाचं नाव हाय. अजून किती पाहिजे तुला?” मी म्हणाले, “सगळं पाहिजे.” ते भाकरी खायला बसले. मोठ्यानं नाही, पण म्हणाले, “दहावी काय पास झाली, सगळंच पाहिजे.” मला ते वाक्य आवडलं. त्यांनी तक्रार म्हणून म्हटलं होतं, मी ते बक्षीस म्हणून घेतलं.

शुक्रवारी सकाळी मी नलिनीबाईंकडं गेले. मला ओळखणारं कुणीतरी हेडमास्तरांना सांगेल, की हीच ती, असा माझा बेत होता. दहावीचे क्लासटीचर श्रीनिवासराव सर सुट्टीला पोराकडं पुण्याला गेले होते. त्यांनी फोनवरून सांगतो म्हटलं, तर काशप्पांनी कळवलं की नागेंद्र सर म्हणतात, फोनवर आवाज ऐकून टीसी देऊ का मी. बाकीचे सर-बाईही सुट्टीत गावाला गेलेले. राहिल्या नलिनीबाई. पाचवी ते सातवी त्यांनी मला मराठी शिकवलं होतं, मी आठवीत गेले त्याच साली रिटायर झाल्या, आणि त्यांचं म्हणणं हेडमास्तरांनी टाळलं नसतं. दारात त्यांनी मला बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं जे आपण कुणालाही देतो. “कोण गं बाळ?” मी नाव सांगितलं. सांगताना माझा आवाज चांगला होता, बातम्यांचा आवाज. त्या आठवू लागल्या. मी त्यांना आठवताना बघत होते. मग त्यांचे डोळे एकदम उजळले. “अगं, तीळवाली,” त्या म्हणाल्या. “भिंतीकडं बसायचीस. इथं तीळ होता ना तुला? कुठं गेला?” आणि त्यांनी हात पुढं करून माझ्या गालावर त्या जागी बोट ठेवलं, अगदी नेमकं, आत्यासारखं.

त्यांनी मला आत बसवलं, लिंबू सरबत दिलं. मी सगळं सांगितलं. त्या हसल्या, मग हसता हसता थांबल्या. “नेत्रावती, खरं सांगू का? मी लिहून द्यायला तयार आहे. पण काय लिहू? मला तुझा निबंध आठवत नाही, आवाज आठवत नाही. मला तो तीळच आठवतो. आता तुला बघते तर तू दुसरीच कुणी वाटतेस. चांगली वाटतेस हं, पण दुसरी.” त्या खोटं बोलत नव्हत्या आणि मला त्यांचा राग येत नव्हता. सरबतात साखर तळाला राहिली होती. मला वाटलं, मग ती कोण होती, जी पाचवीत या बाईंच्या समोर रोज बसायची? तिला कुणी बघितलं? तीट लागली, आत्या. पूर्ण लागली. कुणाची नजर लागली न्हाई, एकाची सुद्धा. आणि आता सगळे म्हणतात तोच ठिपका परत लाव म्हणजे तू तीच हे आम्हाला पटेल. निघताना बाई म्हणाल्या, “लावून टाक गं. एवढ्यासाठी वर्ष घालवू नकोस.” मी म्हणाले, “वर्ष घालवणार नाही बाई.” जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की मी हे नुसतं बोलले नव्हते, ठरवलं होतं. दोन्ही. काजळही लावायचं न्हाई आणि सीटही सोडायची न्हाई. कसं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुपारी आत्या आली. पिशवीतून तीच डबी काढली, झाकण उघडलं, आणि खोलीत तुपाचा आणि जळालेल्या वातीचा वास पसरला. “मास्तरानं इचारलं, लेकराच्या अंगावर खूण काय?” ती अव्वाला सांगत होती. “म्या रातच्याला सगळं अंग बघून ठिवलं होतं हिचं. कुठं तीळ न्हाई, लासं न्हाई, डाग न्हाई. असं कोरं लेकरू. म्या गपच बसले. तर मास्तरानं बघितलं हिच्या गालाकडं आन लिव्हलं. मग म्या म्हणलं लिव्हू दे की. बिनखुणेचं लेकरू जत्रंत हरवलं तर वळखायचं कसं?” अव्वा म्हणाली, “आन जत्रंत तोंड धुतलं असतं तर, वन्सं?” आत्या म्हणाली, “धुवायला तू होतीस व्हय तिथं?” दोघी हसल्या. मी हसले न्हाई. मी आतल्या खोलीत गेले आणि दार लावून कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. आत्यानं बघितलं होतं तसं मी पण सगळं बघितलं. हात, कोपरं, मनगटं, मान, खांदे, पोट, गुडघे. गुडघ्यांवर थ्रोबॉलची खरचटलेली जागा होती पण ती कधीच भरून आली होती. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप पडत होती, मी एकेक जागा त्या तिरिपेत धरून बघितली. तीळ न्हाई. मला वाटलं होतं, इतकं जगल्यावर माणसावर काहीतरी राहत असेल. आत्याशी भांडण, अव्वाचं आजारपण, मिशी फुटली म्हणून हसलेल्या पोरी, परीक्षेच्या हॉलमधली ती कडू झालेली जीभ; एवढं सगळं आतून गेलं आणि बाहेर एक रेघ न्हाई.

मग आत्या आली. मी तिला न्हाई म्हणाले न्हाई. हे मला इथं लिहायला आवडत नाही, पण मी तिच्यासमोर बसले आणि गाल पुढं केला. गार करंगळी. टेकली, फिरली, उठली. तिचा हात माझ्या तोंडावरून उतरला, बोटं मोडली. “बघ,” ती म्हणाली. मी आरशात बघितलं. काही क्षण मी बघत राहिले आणि जे झालं ते मी केलं न्हाई, ते माझ्या अंगानं केलं. खांदे आत आले. मान खाली गेली. डावा हात उठून गालाकडं निघाला. आरशातल्या पोरीनं माझ्याकडं असं बघितलं जसं वर्गातली एक पोरगी भिंतीकडून बघायची, मला काही विचारू नका असं. कलबुर्गीच्या हॉस्टेलात, त्या कॉटवर, ही जाऊन बसेल, मी न्हाई, असं मला अगदी खरं वाटलं. मी उठले, न्हाणीत गेले आणि तोंड धुतलं. काजळ पटकन जात न्हाई, साबण लागतो. ओल्या तोंडानं बाहेर आले तर आत्या डबीचं झाकण लावत होती. “इतकं वंगाळ वाटतंय व्हय माझं काजळ?” तिनं विचारलं. मी तिच्या मांडीशी बसले. “आत्या, तू मला नजर लागू नये म्हणून लावायचीस ना? आता मला नजर पाहिजे.” तिनं पदरानं माझा गाल टिपला. “येडी,” ती म्हणाली. अप्पांना मात्र ती म्हणाली, “गुरुबसवा, पोरीला उद्या सकाळी घेऊन जा. तसंच. बघू काय म्हणतेत.”

शनिवारी अप्पांनी गोदामातून सुट्टी काढली, मोटरसायकल शाळेच्या फाटकाला लावली आणि ते बाहेरच थांबले. इथून थेट बसस्टँड, तिथून कलबुर्गीची बस, असं ठरलं होतं. माझी पिशवीसुद्धा हँडलला अडकवलेली होती. अप्पा माझ्याकडं बघत नव्हते. ते फाटकावरच्या शाळेच्या नावाकडं बघत होते, जणू ते पहिल्यांदाच वाचायलेत. मी आत गेले. नागेंद्र सर मला वाटले होते तसे नव्हते. लहान चणीचे, औरादकडचे, बोलताना शेवटचा शब्द तेलुगूसारखा थोडा लांबवायचे. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. काशप्पा बाजूला उभे, माझा गाल बघून त्यांनी खांदे पाडले. “तर तू म्हणायलीस, रजिस्टर चूक हाय,” सर म्हणाले. “चूक न्हाई सर. मास्तरांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. मी तेव्हा तशीच दिसत होते.” “आन आता?” “आता न्हाई.” सरांनी खुर्चीत पाठ टेकली. “आमचे काशप्पा म्हणत होते, पोरगी काजळ लावून येईल.” काशप्पा पंख्याकडं बघू लागले. मी म्हणाले, “आले असते तर टीसी दिली असती, सर?” “दिली असती,” ते म्हणाले. “बहुतेक.” “मग खोट्या खुणेवर द्यायची आन खऱ्या तोंडावर द्यायची न्हाई?” हे मी रागानं विचारलं न्हाई. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. काशप्पा घाईनं म्हणाले, “पोरगी बातम्या वाचायची सर, बोलायची सवय हाय.” सर म्हणाले, “दिसतंय.”

मग ते नियमावर आले. रजिस्टरात खाडाखोड करायची तर वरच्या ऑफिसची परवानगी लागते, अर्ज जातो, येतो, महिना जातो. मला आधीपासून याचीच भीती होती, आणि ती आता समोर येऊन बसली तर ती तेवढी मोठी नव्हती. “नावाला लागते, जन्मतारखेला लागते, जातीला लागते,” मी म्हणाले. “खुणेला लागते असं कुठं लिहिलंय ते दाखवा सर. मी थांबते.” मला त्यातलं काहीएक माहीत नव्हतं. सरांनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढून घेतलं आणि ते वाचू लागले. पानं उलटत होती. बाहेर अप्पांनी मोटरसायकल चालू केली आणि बंद केली, मला माहीत होतं ते कामून. एक विमान आलं, गेलं. सर वाचतच होते. मला वाटलं, आता बसायला सांगतील, पण मी बसले नसते. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं. “खुणेबद्दल काही न्हाई,” ते म्हणाले, स्वतःशी बोलल्यासारखं. “आजवर कुणी विचारलंच न्हाई.” त्यांनी लाल पेन घेतलं, रजिस्टरातल्या त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, कडेला छोटी सही केली. इतक्या वर्षांचा माझा तीळ त्या रेघेखाली गेला. मग त्यांनी काळं पेन उचललं आणि थांबले. “पण रकाना मोकळा सोडता येत न्हाई. माझा हुकूम, मीच मोडू व्हय? खूण बघून सही करायची म्हटलंय तर खूण पाहिजे. काय लिहू?”

माझ्याजवळ काहीच नव्हतं. मी आरशात सगळं बघून आले होते. मी न्हाई म्हणू शकले असते, आणि तिथंच सगळं संपलं असतं. “सर,” मी म्हणाले, “मला सापडली न्हाई. तुम्ही बघा.” ते म्हणाले, “मी?” मी म्हणाले, “तुम्ही मला आजपर्यंत बघितलं न्हाई. म्हणून विचारायले.” मी टेबलाच्या अगदी जवळ गेले, हात मागं बांधले आणि उभी राहिले, स्टेजवर राहायची तशी, समोर सगळी शाळा मातीत बसलेली असताना राहायची तशी. टेबलाची कड आता माझ्या कमरेला लागत होती. सर बसलेले आणि मी उभी. ते बघू लागले. कुणी आपल्याला खरोखर बघतं तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी चालतं, मुंगी चालावी तसं; कपाळावर, भुवयांवर, नाकाशेजारी. गालावर ते आलं आणि माझ्या मागं बांधलेल्या हातांनी एकमेकांना घट्ट धरलं. ते तिथं अडखळलं न्हाई, पुढं गेलं. मला पळून जावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी असंही वाटलं की हे असंच चालू राहावं, संध्याकाळपर्यंत, बस गेली तरी. मी श्वास घेतला आणि मान अजून वर केली.

“थांब,” सर म्हणाले. “अशीच ऱ्हा.” ते पुढं वाकले. “काशप्पा, बघा तर. हनुवटीच्या खाली.” काशप्पा टेबलाला वळसा घालून आले, गुडघ्यात वाकले, चष्मा खाली ओढला. “व्हय की,” ते म्हणाले. “आडवा व्रण हाय, सर. जुना. टाके पडल्यावानी.” सरांनी मला विचारलं, “कशाचा हा? कधी लागलं?” मला माहीत नव्हतं. मी कधीच तो बघितला नव्हता. आरशासमोर हनुवटी वर करून कोण बघतं? कधीतरी मी कुठंतरी पडले असेन, रक्त आलं असेल, कुणीतरी उचललं असेल, कडेवर घेऊन पळालं असेल, आणि मग ते सगळे विसरून गेले, आत्या, अव्वा, अप्पा, मी. आणि तो तिथंच राहिला, जिथून तो फक्त खाली बसलेल्या माणसांना दिसतो. म्हणजे वर्षभर रोज सकाळी मातीत बसून बातम्या ऐकणाऱ्या पोरींनी तो बघितला असेल. कुणी मला सांगितलं न्हाई. त्यांना वाटलं असेल, हिला ठाऊकच असणार. माझ्या आतून काहीतरी वर येत होतं, हसू की काय ते कळत नव्हतं, आणि मान वर असली की हसू घशातच अडकतं. “माहीत न्हाई सर,” मी म्हणाले. “पण माझाच हाय.”

सर लिहू लागले. ते सावकाश लिहीत होते, आधी रजिस्टरात, मग टीसीवर, आणि लिहिताना मोठ्यानं म्हणत होते, काशप्पांना ऐकू जावं म्हणून किंवा मला. “हनुवटीखाली. आडवा. जुना व्रण.” पेनचा आवाज येत होता. मला छताचे वासे दिसत होते, कोळ्याचं एक जाळं, पंख्याची पाती. मान दुखायला लागली होती. बाहेर अप्पांनी परत मोटरसायकल चालू केली. “सापडलं की,” सर मान न उचलता म्हणाले. “घे आता मान खाली.”

“लिहून होऊ द्या, सर,” मी म्हणाले.